जुना संगणक, नवा संगणक: फाइली आणि वापरकर्ता खाती कशी हलवावीत

नवा संगणक सुरू झाला की जुन्यातले सगळे जसेच्या तसे यात आणून टाकावे, असे प्रत्येकालाच वाटते. फाइलींपुरता हा विचार ठीक आहे. खात्यांच्या बाबतीत मात्र तो फसवा ठरतो, कारण वापरकर्त्याचे खाते म्हणजे त्याच्या नावाचा फोल्डर नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक खात्याला आतून एक ओळख क्रमांक देते आणि कोणती फाइल कोणाची, ती कोण उघडू शकतो, हे नावावरून नव्हे तर त्या क्रमांकावरून ठरवते. विंडोजमध्ये या क्रमांकाला एसआयडी म्हणतात आणि तो प्रत्येक संगणकावर नव्याने तयार होतो. दोन्ही संगणकांवर खात्याचे नाव आणि पासवर्ड अक्षरशः सारखे ठेवले, तरी विंडोजच्या लेखी त्या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. म्हणून खाते नव्या संगणकावर नव्याने उघडायचे आणि त्यात जुन्या खात्यातील सामान लावायचे, हाच सरळ मार्ग आहे. मॅक आणि लिनक्सवर याहून थोडे अधिक करता येते. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

हे काम फुरसतीच्या दिवशी करावे आणि जुना संगणक चालू अवस्थेत असतानाच करावे. विंडोज १० चे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्यामुळे अनेकांना ठीक चालणारा संगणकही बदलावा लागत आहे. त्यातल्या त्यात बरी गोष्ट एवढीच की, अशा वेळी दोन्ही संगणक शेजारी शेजारी ठेवून काम करता येते.

काय हलवायचे ते आधी ठरवावे

विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचे सामान सी ड्राइव्हवरील 'यूजर्स' या फोल्डरात, त्याच्या नावाच्या उपफोल्डरात असते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, म्युझिक आणि व्हिडिओज हे त्यातील ओळखीचे भाग. पण माणसे फाइली फक्त तिथेच ठेवतात असे नाही. डी ड्राइव्ह, सी ड्राइव्हच्या मुळाशी 'नवीन फोल्डर' या नावाने पडून राहिलेले फोल्डर, हिशेबाच्या सॉफ्टवेअरने स्वतःच्याच फोल्डरात ठेवलेला डेटा आणि स्कॅनरने भलत्याच जागी साठवलेली चित्रे, हे सगळे एकदा धुंडाळावे. हिशेबाचे, ग्रंथालयाचे किंवा दवाखान्याचे एखादे सॉफ्टवेअर वापरात असेल, तर त्याचा डेटा फोल्डर उचलण्याऐवजी त्याच सॉफ्टवेअरमधील बॅकअपची सोय वापरावी. चालू डेटाबेसची नुसती नक्कल काढली, तर ती पुष्कळदा अर्धवट निघते.

येथे वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा) एक सापळा आहे आणि त्यात जाणते लोकही अडकतात. वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप चालू असेल, तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर मूळ जागेवरून वनड्राइव्हच्या फोल्डरात गेलेले असतात. मूळ जागी पाहिले तर ते रिकामे दिसतात किंवा दिसतच नाहीत. शिवाय ज्या फाइलींपुढे ढगाचे चिन्ह आहे, त्या प्रत्यक्षात संगणकावर नसतातच. तेथे असते ती फक्त त्यांची खूण. अशा फाइली बाहेरील डिस्कवर घ्यायच्या असतील, तर फोल्डरावर राइट क्लिक करून त्या कायम या संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि सगळ्या फाइली उतरेपर्यंत थांबावे. ज्यांचे सगळे सामान आधीच वनड्राइव्हवर आहे, त्यांना नव्या संगणकावर त्याच खात्याने साइन इन करणे पुरते. पण मोफत मिळणारी जागा ५ जीबीच आहे, हे लक्षात ठेवावे.

'अ‍ॅपडेटा' हा लपवलेला फोल्डर संपूर्ण उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात प्रोग्रॅमांच्या सेटिंग्ज असतात तसा तात्पुरता कचराही असतो, आणि जुन्या संगणकाच्या रचनेशी बांधलेल्या सेटिंग्ज नव्या संगणकावर नेल्या की प्रोग्रॅम विचित्र वागू लागतात. त्यातून नेमके जे हवे ते वेचून घ्यावे. खात्याच्या फोल्डरातील 'एनटीयूजर' या नावाने सुरू होणाऱ्या फाइली तर मुळीच घेऊ नयेत. त्या खात्याच्या रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीचा, भाग असतात आणि नव्या खात्यात टाकल्यास ते खातेच बिघडू शकते.

याच टप्प्यावर फॉन्टही पाहून घ्यावेत. युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान अक्षरसंकेत पद्धत) रुळण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टांत टाइप केलेली पत्रे, प्रश्नपत्रिका किंवा हस्तलिखिते जुन्या संगणकावर नीट दिसतात आणि नव्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग होऊन उघडतात. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. त्यामुळे विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरातून ते जुने फॉन्ट वेगळे काढून सोबत न्यावेत.

ब्राउझर, ईमेल आणि पासवर्ड

फाइलींपेक्षा अधिक मनस्ताप याच भागात होतो. फायरफॉक्समध्ये बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड प्रोफाइल फोल्डरातच असतात, त्यामुळे ब्राउझर बंद करून तो अख्खा फोल्डर उचलला तर सगळे सोबत येते. विंडोजवरील क्रोम आणि एजचे तसे नाही. त्यांचे पासवर्ड विंडोजच्या त्या विशिष्ट खात्याशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद केलेले असतात. फोल्डरची नक्कल नव्या संगणकावर टाकली तर बुकमार्क दिसतील, पासवर्ड उघडणार नाहीत. त्यासाठी जुन्या संगणकावर सिंक (खात्यामार्फत माहिती जुळती ठेवण्याची सोय) चालू करून नव्यावर त्याच खात्याने साइन इन करावे, किंवा पासवर्ड सीएसव्ही (साध्या मजकुराच्या तक्त्याच्या) फाइलमध्ये निर्यात करून नव्या ब्राउझरमध्ये आयात करावेत. या सीएसव्ही फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात, म्हणून ती ईमेलने पाठवू नये आणि काम झाल्याबरोबर दोन्ही संगणकांवरून व पेन ड्राइव्हवरूनही पुसून रिसायकल बिन रिकामा करावा.

आउटलुकच्या जुन्या धाटणीच्या आवृत्तीत पीएसटी आणि ओएसटी असे दोन प्रकार आढळतात. पीएसटीमध्ये तुमचा स्वतःचा साठा असतो आणि ती न्यावीच लागते. ओएसटी ही सर्व्हरवरील टपालाची स्थानिक प्रत असते. खाते नव्याने जोडले की ती आपोआप पुन्हा तयार होते, त्यामुळे तिचे ओझे वाहण्याची गरज नसते. थंडरबर्ड वापरणाऱ्यांनी त्याचा प्रोफाइल फोल्डर उचलावा किंवा त्याच प्रोग्रॅममधील निर्यातीची सोय वापरावी.

ओळख पटवण्यासाठीचे सांकेतिक आकडे देणारे अ‍ॅप संगणकावरच असेल, तर नव्या संगणकावर ते चालू झाल्याची खात्री होईपर्यंत जुन्याला हात लावू नये. एरवी स्वतःच्याच खात्यांबाहेर उभे राहण्याची वेळ येते.

कुलूपबंद डिस्क आणि फाइली

अनेक लॅपटॉपवर बिटलॉकर (संपूर्ण डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) किंवा तशीच 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'ची सोय वापरकर्त्याच्या नकळत चालू असते. संगणक नीट चालत असेपर्यंत ती जाणवत नाही. पण मदरबोर्ड बंद पडला आणि डिस्क काढून दुसरीकडे जोडण्याची वेळ आली की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर साठवलेली असते. ती आजच शोधून कागदावर उतरवावी, कारण तिच्याशिवाय डिस्कवरचे एक पानही कोणाला वाचता येणार नाही.

ज्या फाइलींच्या चिन्हावर छोटे कुलूप दिसते, त्या विंडोजच्या ईएफएस पद्धतीने कुलूपबंद असू शकतात. त्यांची किल्ली खात्याच्या प्रमाणपत्रात असते. असे प्रमाणपत्र खासगी किल्लीसह निर्यात करून नव्या खात्यात आयात करावे, किंवा जुन्या संगणकावरच फाइलींच्या गुणधर्मांत जाऊन एन्क्रिप्शन काढून टाकावे. दुसरा उपाय सोपा आहे आणि घरगुती वापरासाठी मी तोच सुचवेन.

नव्या संगणकावर खाती उघडणे

संगणक अनेकांच्या वापरात असेल, तर प्रत्येकासाठी वेगळे खाते उघडावे आणि त्यांपैकी एकच प्रशासक ठेवावे. बाकीची साधी खाती असावीत. विंडोजच्या सेटिंग्जमधील 'अकाउंट्स' या विभागात 'अदर यूजर्स' येथे नवे खाते जोडता येते, आणि मायक्रोसॉफ्ट खाते नको असेल तर त्याशिवाय वापरकर्ता जोडण्याचा पर्यायही तेथेच मिळतो.

येथे दोन बारकावे आहेत. पहिला फोल्डराच्या नावाचा. मायक्रोसॉफ्ट खात्याने थेट सुरुवात केली, तर विंडोज ईमेल पत्त्याची पहिली ५ अक्षरे घेऊन फोल्डराला नाव देते, आणि ते नाव नंतर बदलणे जिकिरीचे असते. नाव जुन्यासारखेच हवे असेल, कारण काही प्रोग्रॅम आणि एक्सेलमधील दुवे पूर्ण मार्ग लक्षात ठेवतात, तर आधी त्या नावाचे स्थानिक खाते उघडावे आणि मग त्याला मायक्रोसॉफ्ट खाते जोडावे. दुसरा बारकावा असा की, खाते नुसते उघडल्याने त्याचा फोल्डर तयार होत नाही. त्या खात्याने पहिल्यांदा साइन इन केल्यावरच तो होतो. म्हणून फाइली आणण्यापूर्वी प्रत्येक खात्यात एकदा जाऊन यावे. 'यूजर्स'मध्ये आपणच हाताने त्या नावाचा फोल्डर करून ठेवला, तर विंडोज तो स्वीकारत नाही, शेजारी थोड्या वेगळ्या नावाचा दुसरा फोल्डर करते आणि पुढचा गोंधळ निस्तरत बसावे लागते.

फाइली नेण्याची वाट

बाहेरील यूएसबी डिस्क ही सर्वांत भरवशाची वाट आहे, कारण स्थलांतर संपल्यावर तीच बॅकअप म्हणून हाती राहते. डिस्कचे फॉरमॅट (तिच्यावर फाइली मांडण्याची पद्धत) मात्र पाहून घ्यावे. फॅट३२ असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर मावत नाही. लग्नाचा लांबलचक व्हिडिओ किंवा मोठी पीएसटी फाइल नेमकी तिथेच अडते. विंडोज ते विंडोज जायचे असेल तर एनटीएफएस आणि मध्ये मॅक असेल तर एक्सफॅट निवडावे, कारण मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो पण तिच्यावर आपणहून लिहीत नाही.

वेळेचा अंदाज आधी बांधला तर अधीरपणा होत नाही. यूएसबी २.० च्या पोर्टवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ३० एमबी मिळतात, म्हणजे २०० जीबी सामानाला जवळपास २ तास लागतात. १०० मेगाबिटच्या नेटवर्कवर तेच काम ५ तासांच्या घरात जाते, तर गिगाबिट केबलने अर्ध्या तासात होऊ शकते. हे आकडे मोठ्या फाइलींचे आहेत. हजारो बारीक फाइली असतील तर वेग कितीतरी कमी होतो. वायफायवर इतके सामान पाठवू नये, मधूनच तुटते.

कट आणि पेस्ट कधीही करू नये, नेहमी कॉपीच करावी. मी एकदा घाईत फोटोंचा फोल्डर कट करून पेस्ट केला आणि मध्येच केबल हलली. कोणते फोटो कोणत्या बाजूला राहिले, ते जुळवण्यात पुढचे दोन दिवस गेले.

थोडे सामान असेल तर एक्सप्लोररमधून ओढून टाकणे पुरते. शेकडो फोल्डर असतील, तर विंडोजसोबतच येणारी रोबोकॉपी ही आज्ञा वापरावी. ती लांबलचक मार्गांच्या फाइलींवर अडखळत नाही आणि मध्येच थांबली तर पुन्हा चालवल्यावर राहिलेलेच उचलते. तिचे काही पर्याय समजून घेण्यासारखे आहेत. 'ई' या पर्यायाने रिकाम्यांसह सगळे उपफोल्डर येतात. 'एक्सजे' हा पर्याय जंक्शन, म्हणजे दुसऱ्या फोल्डराकडे वळवणारे दुवे, वगळतो आणि तो अत्यावश्यक आहे, कारण वापरकर्त्याच्या फोल्डरात जुन्या प्रोग्रॅमांच्या सोयीसाठी ठेवलेली काही जंक्शन पुन्हा त्याच झाडात वळतात आणि नक्कल गोलगोल फिरत राहते. एखादी फाइल वाचता आली नाही तर रोबोकॉपी मुळात १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करते. म्हणून 'आर' आणि 'डब्ल्यू' या पर्यायांना १ अशी किंमत द्यावी. 'लॉग' पर्यायाने सगळा वृत्तांत एका फाइलमध्ये मिळतो. 'मिर' हा पर्याय मात्र टाळावा: मूळ जागी जे नाही ते तो दुसऱ्या बाजूने पुसून टाकतो, आणि दोन मार्गांची अदलाबदल झाली तर भरलेली डिस्क रिकामी होते. परवानग्या सोबत नेणारा 'कॉपीऑल' हा पर्यायही येथे नको, कारण त्याबरोबर जुन्या खात्याचे क्रमांक येतात आणि त्या क्रमांकांना नव्या संगणकावर काहीही अर्थ नसतो.

जुनी डिस्क काढून थेट नव्या संगणकाला जोडली, तर जुन्या खात्याचा फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचा संदेश येतो. सुरुवातीला सांगितलेला ओळख क्रमांक तो हाच. प्रशासक खात्यातून 'कंटिन्यू'वर क्लिक केल्यास बहुधा वाट मिळते. नाही मिळाली तर फोल्डराच्या गुणधर्मांतील 'सिक्युरिटी'मध्ये जाऊन मालकी आपल्या खात्याकडे घ्यावी. मालकी बदलायची ती फक्त आपल्या फाइलींच्या फोल्डराची, संपूर्ण डिस्कची नव्हे. आणलेल्या फाइली त्या त्या माणसाच्या खात्यात साइन इन करूनच त्याच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्समध्ये टाकाव्यात, म्हणजे परवानग्या आपोआप योग्य लागतात.

प्रोग्रॅम मात्र नक्कल करून येत नाहीत, ते नव्याने बसवावे लागतात. विंगेट या आज्ञेने जुन्या संगणकावरील प्रोग्रॅमांची यादी निर्यात करता येते आणि नव्यावर त्या यादीतून जे उपलब्ध असेल ते एकदम बसवता येते. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे सक्रियीकरण एकाच संगणकापुरते असेल, तर ते जुन्यावरून आधी काढून घ्यावे.

कार्यालयात डझनावारी संगणक बदलायचे असतील, तर मायक्रोसॉफ्टचे यूएसएमटी हे साधन पाहावे. त्यातील एक आज्ञा खाती, सेटिंग्ज आणि फाइली गोळा करते आणि दुसरी त्या नव्या संगणकावर उतरवते. घरच्या एका संगणकासाठी तेवढा खटाटोप करू नये.

मॅक

मॅकवर हे काम पुष्कळच सोपे आहे. 'मायग्रेशन असिस्टंट' हा प्रोग्रॅम खाती, फाइली, अ‍ॅप्लिकेशन आणि सेटिंग्ज एकत्र आणतो; जुना मॅक, टाइम मशीन या मॅकच्याच सोयीने घेतलेला बॅकअप किंवा विंडोज संगणक, तिन्हींमधून त्याला सामान घेता येते. शक्यतो नवा मॅक पहिल्यांदा सुरू करतानाच स्थलांतर करावे. आधी स्वतःच्या नावाचे खाते उघडून मग स्थलांतर केले, तर त्याच नावाचे दुसरे खाते येऊ पाहते आणि मॅक विचारतो की, आधीचे बदलायचे की येणाऱ्याला वेगळे नाव द्यायचे. तेथे घाईने उत्तर देऊ नये. दोन्ही संगणक चार्जरला जोडलेले ठेवावेत.

लिनक्स

लिनक्समध्ये खात्याचा क्रमांक हा साधा पूर्णांक असतो आणि तो आपल्याला हवा तो ठेवता येतो, त्यामुळे खाते खऱ्या अर्थाने हलवता येते. आजच्या बहुतेक वितरणांत (लिनक्सच्या निरनिराळ्या रूपांत) माणसांची खाती १००० पासून सुरू होतात. रेड हॅट कुळातील जुन्या आवृत्त्यांत ती ५०० पासून सुरू होत. नव्या संगणकावर खाती उघडताना प्रत्येकाला जुनाच क्रमांक द्यावा, म्हणजे 'होम' या वापरकर्त्यांच्या फोल्डरातील फाइलींची मालकी आपोआप जुळते. तसे न करता खाती भलत्याच क्रमाने उघडली, तर एकाच्या फाइली दुसऱ्याच्या मालकीच्या होऊन बसतात. पासवर्ड तेच ठेवायचे असतील, तर 'पासडब्ल्यूडी', 'शॅडो' आणि 'ग्रुप' या खात्यांच्या नोंदी असलेल्या फाइलींतील फक्त त्या त्या माणसांच्या ओळी नेता येतात. अख्ख्या फाइली कधीही बदलू नयेत, कारण त्यांतच सिस्टिमची स्वतःची खाती असतात आणि त्यांचे क्रमांक दोन वितरणांत वेगळे असू शकतात.

फाइलींसाठी आरसिंक ही आज्ञा मालकी, वेळ आणि परवानग्या राखून नक्कल करण्याच्या 'ए' पर्यायासह, आणि क्रमांक जसेच्या तसे ठेवण्याच्या पर्यायासह, रूट (सर्वाधिकारी खाते) म्हणून चालवावी. मूळ फोल्डराच्या नावाशेवटी तिरकी रेघ असेल तर त्यातील सामान जाते आणि नसेल तर फोल्डरच जातो. नवशिक्यांची बहुतेक गडबड या एका रेघेवरून होते. एसएसएचची (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणीची) खासगी किल्ली एक्सफॅट डिस्कवरून आणली असेल, तर तिच्या परवानग्या गळून पडलेल्या असतात आणि जोडणी नाकारली जाते; तिला पुन्हा ६०० ही (फक्त मालकाला वाचता-लिहिता येण्याची) परवानगी द्यावी.

पडताळणी, आणि मगच पुसणे

दोन्ही बाजूंच्या फोल्डरांच्या गुणधर्मांत फाइलींची संख्या आणि 'साइज' पाहावी. 'साइज ऑन डिस्क' हा आकडा डिस्कच्या रचनेनुसार बदलतो, तो जुळला नाही म्हणून घाबरू नये. अति महत्त्वाच्या मोठ्या फाइलींची एसएचए२५६ बेरीज (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा) दोन्हीकडे काढून ताडून पाहावी. विंडोजमध्ये हे काम सर्टयुटिल ही आज्ञा करते. पण आकडे जुळले तरी प्रत्यक्ष उघडून पाहण्याला पर्याय नाही: प्रत्येक प्रकारची दोन-चार कागदपत्रे, काही जुने फोटो, एखादे जुने ईमेल आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील गेल्या वर्षीचे पान उघडून पाहावे. घरातील प्रत्येकाला आपापल्या खात्यात बसवून 'तुझे काय दिसत नाही' असे विचारावे. मी कितीही काळजी घेतली तरी या प्रश्नानंतर काहीतरी निघतेच.

जुना संगणक निदान महिनाभर तसाच ठेवावा. त्यानंतर द्यायचा किंवा विकायचा असेल, तर सगळ्या खात्यांतून साइन आउट करून विंडोजमधील 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडावे आणि ड्राइव्ह स्वच्छ करण्याचा पर्यायही चालू करावा. नुसते फॉरमॅट करणे पुरेसे नाही. एसएसडीवर (फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर) फाइलीवर पुनःपुन्हा लिहून पुसण्याची जुनी पद्धत खात्रीची नसते, कारण नवे लेखन त्याच जागी होईल असे नसते. तेथे उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची सोय वापरावी, किंवा डिस्क आधीपासून एन्क्रिप्ट केलेली असावी. टी२ चिप किंवा अ‍ॅपल सिलिकॉन असलेल्या मॅकवर, मॅकओएसच्या मॉन्टेरे आवृत्तीपासून, सगळे सामान आणि सेटिंग्ज पुसण्याचा पर्याय थेट उपलब्ध आहे. मधल्या प्रवासात वापरलेली बाहेरील डिस्क मात्र पुसू नये. तिच्यावर तारीख लिहून ती कपाटात ठेवावी.